मिऱ्यांची बंदरे आणि एक पत्र

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळींची हॉलंडची सहल निघाली. आठ दिवसांच्या त्या प्रवासाचा साद्यंत वृत्तांत येथे देण्याचा आमचा विचार नाही. ॲम्स्टरडॅमचे कालवे, तेथील १६७५ सालचे भव्य पोर्तुगीज सिनेगॉग व त्यात आजही मेणबत्त्यांच्या उजेडात होणारी तेफिल्ला, यांविषयी वाचकांनी पुष्कळ ऐकले असेल. आम्हांस लिहावयाचे आहे ते त्या आठ दिवसांतील केवळ एका दिवसाविषयी. त्या दिवशी आम्ही पस्तीस जण, लोद, रामला, अश्दोद, बेरशेबा व दिमोना अशा निरनिराळ्या गावांहून आलेली बेने इस्राएल मंडळी, एका आरामबसने उत्तर हॉलंडमधील जुनी बंदरे पाहण्यास गेलो. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत या दिवसापुढे फक्त ‘बंदरे व चीज’ एवढेच छापलेले होते. परत येताना मात्र आम्हां सर्वांच्या मनात निराळाच विषय घोळत होता.

सकाळी आठ वाजता बस सुटली. शिक्षकी पेशाची सवय जात नाही म्हणतात. दारात उभे राहून डोकी मोजण्याचे काम आपसूकच आमच्याकडे आले. डब्यांत चपात्या, बटाट्याची भाजी व उकडलेली अंडी होती, कारण कश्रूतचा प्रश्न वाटेत कोठे सुटेल याची खात्री नव्हती.

खारेपाटाचे भावंड

शहर मागे पडले आणि दोन्ही बाजूंस हिरवीगार, सपाट जमीन सुरू झाली. मार्गदर्शक बाईंनी सांगितले, की आपण बेमस्टर नावाच्या भागातून जात आहोत; येथे पूर्वी एक मोठे सरोवर होते. त्याभोवती बांध घालून, चाळीसहून अधिक पवनचक्क्या लावून त्यातील पाणी उपसण्यात आले व १६१२ साली तळाची जमीन कोरडी झाली. रस्ते व पाट जणू पट्टीने आखलेले आहेत. १९९९ साली युनेस्कोने या भूभागाचा जागतिक वारशात समावेश केला. आमची बस त्या वेळी समुद्रसपाटीच्या खालून चालली होती, हे ऐकून मागच्या बाकावरील मुलांनी उगाचच श्वास रोखून धरला व मग हसू लागली.

आमच्याबरोबर ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ होते. सारी मंडळी त्यांस नाना म्हणतात, म्हणून आम्हीही येथे नानाच म्हणू. त्यांचे बालपण पेणच्या खारेपाटात गेले. खिडकीतून बराच वेळ टक लावून पाहिल्यावर ते म्हणाले, ‘‘हे तर आपले खारच! तो बांध, ती उघाडी. ओहोटीला उघडायची, भरतीला आपली आपण मिटायची. आमच्याकडे बांधाला खांड पडली, की रातोरात सारा गाव मातीच्या पाट्या घेऊन धावे.’’

नानांचा नातू शेजारी बसला होता. त्याने हिब्रूत विचारले, ‘‘सबा, खार म्हणजे काय?’’ नानांना मराठीतील शब्द ठाऊक, नातवाला हिब्रूतील. मधला शब्द दोघांपाशीही नव्हता. अखेर आम्ही कागदावर बांध, समुद्र व भातशेत काढून दाखविले. पाणी अडविण्याचे शास्त्र डचांनी जगास शिकविले असे आपण शाळेत पढलो. ते खोटे नव्हे. तरी कोकणातला निरक्षर आगरी शेतकरीही तेच शास्त्र आपल्या हातांनी जाणत होता, हे त्या दिवशी नानांमुळे लक्षात आले. फरक इतकाच, की डचांनी त्याचे नकाशे काढले, हिशेब लिहिले आणि ते जपून ठेवले.

होर्न: चौकातील पुतळा

तासाभरात आम्ही होर्नला पोहोचलो. बंदराच्या तोंडाशी १५३२ साली बांधलेला अर्धगोलाकार बुरूज उभा आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकास ‘केप हॉर्न’ म्हणतात, ते नाव याच गावावरून पडले. १६१६ साली येथील विलेम स्खाउटन व त्याचे सहकारी त्या टोकास वळसा घालून गेले व त्यांनी आपल्या गावाचे नाव त्यास दिले. भूगोलाच्या तासाला ‘हॉर्न’ म्हणजे शिंग, असे आम्ही कित्येक वर्षे मुलांना सांगत आलो. त्या चुकीची कबुली या पानावरून देतो.

डचांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली. तिच्या सहा शाखा होत्या: ॲम्स्टरडॅम, झीलंड, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एन्कहाउझन. निम्मा वाटा ॲम्स्टरडॅमचा, चौथा हिस्सा झीलंडचा व उरलेल्या चौघांचा प्रत्येकी सोळावा. सोळावा म्हणजे रुपयातला एक आणा! त्या एका आण्यावर या गावात केवढी वैभवशाली घरे उभी राहिली, हे चौकातून फिरताना दिसते. घरांचे माथे पायऱ्यापायऱ्यांचे, दर्शनी भिंतींवर दगडी सिंह व ढाली, आणि माल वर ओढण्यासाठी माथ्याशी बाहेर आलेली तुळई.

चौकाच्या मध्यभागी यान पीटरझून कून याचा पुतळा आहे. त्याचा जन्म १५८७ साली येथलाच. पुढे तो पूर्वेकडील कंपनीचा गव्हर्नर जनरल झाला. पुतळा १८९३ सालचा. मार्गदर्शक बाईंनी काहीही न लपविता सांगितले, की जायफळाच्या व्यापाराची मक्तेदारी हाती यावी म्हणून याच माणसाने १६२१ साली बांदा बेटांवर स्वारी केली व तेथील हजारो रहिवासी मारले गेले, उपासमारीने मेले अथवा गुलाम करून नेले गेले. २०११ साली हा पुतळा अपघाताने खाली पडला. तो पुन्हा उभारताना चौथऱ्यावरील मजकूर बदलण्यात आला व त्याच्यावरील आक्षेपांचीही नोंद तेथे करण्यात आली. पुतळा असावा की नसावा, हा वाद गावात अद्याप मिटलेला नाही.

एका मुलीने आम्हांस विचारले, ‘‘मोरा, मग जुन्या फलकावर काय लिहिले होते?’’ मुलांचे प्रश्न असेच असतात. साधे, पण उत्तर देताना शिक्षकाची परीक्षा पाहणारे. आम्ही सांगितले, की पूर्वी त्याचे गुण तेवढे सांगितले जात. ‘‘आणि बेटावरच्या लोकांनी काय लिहिले?’’ या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नव्हते. ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचाच जमाखर्च चौकात उभा राहिला, एवढे मात्र तिला न सांगताही कळले असावे.

एन्कहाउझन: मिऱ्यांचे घर

होर्नहून पूर्वेस एन्कहाउझन. या गावाने आमचा दिवसाचा उत्तम भाग घेतला, आणि लेखाचाही घेणार आहे. बंदराच्या तोंडाशी ‘ड्रोमेडारिस’ नावाचा १५४० साली बांधावयास घेतलेला जाडजूड वेशीबुरूज आहे. त्यावरील घंटांचा वाद्यमेळ ऐकत आम्ही धक्क्यावर बसून डबे उघडले. समोर तांबूस शिडांच्या जुन्या होड्या डोलत होत्या. मावशींनी लसणीची चटणी काढली आणि क्षणभर आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर आहोत की काय असा भास झाला.

या गावाशी आपल्या मुलखाचा संबंध फार जुना आहे. यान हाउखन व्हान लिन्सखोटन हा तरुण येथेच वाढला. १५८३ साली तो गोव्यास आला आणि तेथील पोर्तुगीज आर्चबिशपच्या पदरी चिटणीस म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. पोर्तुगिजांनी पूर्वेच्या सागरी वाटा गुप्त ठेवल्या होत्या. याने त्या टिपून आणल्या आणि १५९६ साली आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. त्या माहितीच्या आधारे डच जहाजे हिंदी महासागरात उतरली. पुढे १६३७ साली आपल्या कोकणात वेंगुर्ल्यासही डचांनी वखार घातली; तिचे भग्नावशेष आजही उभे आहेत. एका चिटणिसाच्या टिपणवहीने केवढी उलथापालथ केली!

लिन्सखोटनने आपल्या ग्रंथात चौल बंदराचे वर्णन केले आहे. कोचीनच्या यहुद्यांचा, त्यांच्या सिनेगॉगचाही उल्लेख केला आहे. वाचकहो, चौल म्हणजे आपल्या वाडवडिलांचा परसू. नवगाव, जेथे सात पुरुष व सात स्त्रिया फुटलेल्या जहाजातून वाचून किनाऱ्यास लागल्या अशी आपली परंपरा सांगते, ते तेथून फार दूर नाही. घाण्यावर तेल गाळणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’ त्या परिसरातच राहत होते. पण चौलच्या बाजारातील रेशीम ज्याच्या नजरेस पडले, त्याच्या नजरेस ते पडले नाहीत.

पोटपूजा आटोपल्यावर आम्ही ‘पेपरहाउस’ पाहिले. पेपरहाउस म्हणजे मिऱ्यांचे घर. १६२५ सालची ही इमारत पुढे कंपनीचे कोठार झाली व आता झायडर झी संग्रहालयाचा भाग आहे. जाड तुळया, लहान खिडक्या, आत अंधूक गारवा. मलबारचे मिरे अशाच कोठारांत साठविले जात. कोचीन १६६३ ते १७९५ पर्यंत डचांच्या ताब्यात होते, आणि तेथे कंपनीचा प्रमुख व्यापारी कोण होता, तर एक यहुदी: यहेज्केल राहाबी. १६९४ साली जन्मलेल्या या गृहस्थाने सुमारे अर्धशतक कंपनीचे काम पाहिले. १७७१ साली तो वारला.

येथेच, त्या इमारतीसमोरील धक्क्यावर, आम्ही मंडळींना एका पत्राची हकिकत सांगितली. १७६८ साली याच राहाबीने हॉलंडमधील तोबियास बोआस या यहुदी सावकारास हिब्रूत एक पत्र धाडले. त्यात त्याने मराठी मुलखात राहणाऱ्या एका यहुदी समाजाची माहिती दिली आहे. हे लोक स्वतःस बेने इस्राएल म्हणवितात, तेल गाळतात, काही शिपाईगिरी करतात, शब्बाथ पाळतात व शेमा म्हणतात. त्यापलीकडे त्यांस ठाऊक नाही, असा त्याचा आशय. आपल्याविषयीच्या अगदी पहिल्या लेखी नोंदींपैकी ही एक आहे. तिच्या आधी १७३८ साली सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रात आपला उल्लेख येतो. शतकानुशतके कोकणात राहूनही युरोपातील आपल्या भाईबंदांच्या कानी आपले नाव पोहोचले, ते या मिऱ्यांच्या व्यापाराच्या वाटेने.

आम्हांस वाटले होते, सर्वांस अभिमान वाटेल. पण नानांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, ‘‘शेमाखेरीज काही येत नाही, असे लिहिले? सुंता सांगितली नाही? उपास सांगितले नाहीत? एलियाहू हन्नाबीचा मलिदा सांगितला नाही? आमच्याविषयी लिहायचे तर आम्हांला विचारून तरी लिहायचे.’’

मावशी म्हणाल्या, ‘‘नाना, पण लिहिले तरी. नाहीतर आपण होतो हे कोणाला कळले असते?’’

‘‘मावशी, तुम्ही तेव्हा लहान होतात. चौसष्ट साली मी यरुशलेमेत धरण्याला बसलो होतो. बावीस वर्षांचा होतो. तेव्हाही असेच. आम्ही यहुदी आहोत की नाही, याची चर्चा सारे करीत होते. आम्हांला कोणी विचारीत नव्हते.’’

धक्क्यावर थोडा वेळ कोणीच बोलले नाही. वाचकांतील वडीलधाऱ्यांना त्या दिवसांची आठवण नव्याने करून द्यावयास नको. विवाहाच्या प्रसंगी आपल्या यहुदीपणाविषयी उभे केलेले प्रश्न, ती धरणी, आणि अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचा केलेला ठराव. नातवाने आजोबांचे बोलणे अर्धेमुर्धे समजून आम्हांस विचारले, ‘‘सबा रागावला का?’’ आम्ही त्यास हिब्रूत सारे सांगितले. आपला आजोबा कधी धरण्यास बसला होता, हे त्या पंधरा वर्षांच्या मुलास त्या दिवशी प्रथमच समजले.

आम्हांस नानांचे म्हणणे पटले, आणि मावशींचेही. राहाबीचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच्या कानी जे आले ते त्याने कळविले. पण त्या एका पत्रातील चार ओळींवर पुढे कितीजणांनी आपल्याविषयीचे मत बनविले असेल! आपला इतिहास आपल्यापैकी एकाने लिहावा, यासाठी हाईम शमुवेल केहिमकर यांची वाट पाहावी लागली. त्यांनी आपला ग्रंथ १८९७ साली पुरा केला, आणि तो छापून प्रसिद्ध झाला १९३७ साली तेल अवीव येथे. म्हणजे लिहून झाल्यावरही चाळीस वर्षे तो कागद अंधारातच होता.

समुद्र गेलेली बंदरे

दुपारी होडीतून संग्रहालयाच्या खुल्या भागात गेलो. येथे एक विलक्षण गोष्ट समजावून घेतली पाहिजे. एन्कहाउझन व होर्न ही आज समुद्रावरची बंदरे नाहीतच. पूर्वी येथे झायडर झी नावाचा उथळ, खारा आखात होता. १९१६ सालच्या जानेवारीत त्याच्या पुराने मोठा हाहाकार उडविला. त्यानंतर १९१८ साली कायदा होऊन कॉर्नेलिस लेली या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणे आखाताच्या तोंडाशी सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालण्यात आला. २८ मे १९३२ रोजी शेवटची फट बुजली. आतील पाणी हळूहळू गोडे झाले. समुद्राचे सरोवर बनले. पुरापासून जीव वाचले, नवी शेतजमीन मिळाली. मात्र हेरिंग व अँचोव्ही मासळी नाहीशी झाली आणि कोळ्यांचे पिढीजात जीवन संपले. त्यांना साहाय्य देण्याचा कायदा १९२५ सालीच करण्यात आला होता. पण अनेकांना जाळी गुंडाळून ठेवावी लागली.

त्या गेलेल्या जीवनाची आठवण म्हणून १९८३ साली हे खुले संग्रहालय सुरू झाले. आखाताकाठच्या गावांतून खरीखुरी घरे उचलून आणून येथे गल्ल्या वसविल्या आहेत. कोळ्याची दोन खोल्यांची झोपडी, मासे धुरावण्याची घरे, शिवणाऱ्याचे दुकान, वाळत घातलेली जाळी. बाटलीच्या आकाराच्या चुन्याच्या भट्ट्या पाहून नाना पुन्हा बोलते झाले. कारण कोकणातही शिंपले भाजून चुना करीत. एका घरात एक बाई जुन्या वेषात चुलीवर काम करीत होत्या. मुलांनी त्यांच्याभोवती गर्दी केली. नानांनी मात्र हळूच विचारले, ‘‘ह्या संध्याकाळी घरी जात असतील ना?’’ जात असणारच. ते घर आता कोणाचेच नाही. पण कोणते घर, कोणत्या गावचे, त्यात किती माणसे राहत, याची नोंद तेवढी पक्की आहे.

या गावांतील सर्वांच्याच नशिबी अशी जपणूक आली नाही. होर्न, एन्कहाउझन, मेडेम्ब्लिक येथे यहुद्यांच्या लहान लहान वस्त्या होत्या. १९४२ साली जर्मन अधिकाऱ्यांनी त्या प्रांतातील यहुद्यांना आपली घरे सोडून ॲम्स्टरडॅमला जाण्यास भाग पाडले. तेथून वेस्टरबोर्कची छावणी, आणि पुढे आउश्वित्झ व सोबिबोर. १९४० साली हॉलंडमध्ये सुमारे एक लक्ष चाळीस हजार यहुदी होते. त्यांतील एक लक्षाहून अधिक मारले गेले. बंदरावर परत आल्यावर नानांनी टोपी सारखी केली व डोळे झाकून शेमा म्हटला. आम्ही सर्वांनी साथ दिली. त्या पत्रात आमच्या नावावर लिहिलेली तीच प्रार्थना. कोणी त्यावर भाष्य केले नाही, आणि आम्हीही करीत नाही.

परतीच्या वाटेवर फोलेंडाम येथे अर्धा तास थांबलो. तेथे प्रवाशांची दाटी व दुकानांची रेलचेल आहे. धुरावलेल्या वामी टांगलेल्या पाहून मावशी हसल्या व म्हणाल्या, ‘‘दावीद राहाबीने आपल्या बायकांची पारख केली ती अशाच टोपलीवरून!’’ आपल्यात सांगतात, की राहाबीने निरनिराळी मासळी आणून दिली असता आपल्या स्त्रियांनी पर व खवले नसलेली मासळी बाजूस काढली, आणि त्यावरून त्याने आपणांस ओळखले. तेव्हा वामीस हात न लावता आम्ही पुढे झालो. हेरिंगला पर आणि खवले दोन्ही असतात, ही माहिती एका काकांनी तीन वेळा सांगितली. पण ती मिठातली कच्ची खाण्याचे धैर्य कोणास झाले नाही.

बस ॲम्स्टरडॅमकडे निघाली तेव्हा सूर्य अद्याप वर होता. पुढच्या बाकावरून आम्ही मागे पाहिले. नातवाने आपला मोबाईल नानांच्या तोंडापुढे धरला होता आणि तो विचारीत होता, की घाण्याला बैल एक असे की दोन, तेल कशात भरीत, शनिवारी बैल काय करी? नाना मराठीत सांगत होते. मुलास सारे कळत होते असे नाही, पण तो सारे नोंदवून घेत होता. कळण्याचे काम पुढेही करता येईल. सांगणारा मात्र पुढे मिळेलच असे नाही.

वाचकहो, डचांचा समुद्र गेला, पण त्यांनी घरे, होड्या व हिशेबाच्या वह्या जपल्या. आपण कोकण सोडून आपल्या देशात आलो. घरे बरोबर आणता आली नाहीत. बरोबर आली ती आठवण आणि ही भाषा. तेव्हा या पत्रिकेच्या वाचकांस आमची विनंती आहे: आपल्या घरातील वडील माणसांजवळ एक संध्याकाळ बसावे. गावाचे नाव, घराची मांडणी, घाणा, सणांचे पदार्थ, मलिद्याचे ताट, येथे आल्यावरचे पहिले दिवस, जे जे ते सांगतील ते लिहून काढावे. मराठीत लिहिता येत नसेल तर हिब्रूत लिहावे. एक पान झाले तरी पुरे. राहाबीच्या पत्रात आपल्या वाट्यास चारच ओळी आल्या. पाचवी ओळ आपणच लिहावयाची आहे.